वैलावरचं पाणी

बाबांनी पितळी तांब्यातून पेला भरला, दोन्ही हातांनी आईपुढे धरला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घे जमना. गावाचं पहिलं गोडं पाणी. तांडेलाच्या घरापासून सुरुवात."

आईने पेला घेतला. आधी पाण्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मांडवाच्या कडेला एक माड होता, त्याच्यापाशी गेली, पेला बुंध्याशी ओतला, उलटा करून झटकला आणि परत आणून बाबांच्या हातात ठेवला.

"माडाला लागेल," ती म्हणाली. "मना नको."

एवढं बोलून तिने आपला रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि चालू लागली. तिच्यामागे कमळीआत्या निघाली. मग पागधऱ्यांच्या सुना, मग मेहेरांच्या, मग सगळ्याच. चौकात नळापुढे सकाळपासून हंड्यांची रांग लागली होती, ती बघता बघता उठून गेली. मांडवात उरले आम्ही पुरुष, दोन साहेब, पाण्याचं यंत्र उभारणाऱ्या शिरोळकर मॅडम, हार घातलेला नळ आणि पेढ्यांचा खोका.

नळ उघडायचा मान माझा होता. नवा गणवेश घालून मी नळाला खेटून उभा होतो. बाबांनी खूण केली म्हणून उघडला, आणि ते पाणी सरळ गटारात गेलं.

"घाबरल्या बिचाऱ्या," शिरोळकर मॅडम हळूच म्हणाल्या. "अणूच्या नावाला घाबरल्या."

मलाही तेच वाटलं. माझ्या आईने चारचौघांत माझी लाज काढली, याचं दुःख मात्र त्याहून मोठं होतं.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आमची खाजणवाडी म्हणजे समुद्र, भरतीचं पाणी शिरणारं दलदलीचं खाजण आणि त्या दोघांच्या मधे चिंचोळ्या पट्टीवर बसलेलं कोळ्यांचं गाव. पाण्याला तोटा नव्हता, फक्त ते पिण्याचं नव्हतं. गावात तीनदा विहीर खणली, तिन्ही वेळा मचूळ पाणी लागलं. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे आणि चहा केला तर तो पाहुण्याला देताना खाली मान घालावी लागे. पिण्याचं पाणी आंबेपाड्याच्या विहिरीवरून यायचं. खाजणाच्या बांधावरून तासभर चालत जायचं आणि भरल्या डोक्याने परत. सोयरिकीला आलेली माणसं आधी पाण्याची वाट विचारायची आणि मग मुलगी द्यायची नाहीत.

गावाच्या उत्तरेला अणुवीजकेंद्र होतं. त्याचं गरम पाणी एका नाल्यातून समुद्राला मिळायचं. थंडीत त्या नाल्याच्या तोंडाशी बोय मासा उबेला यायचा आणि गावातली म्हातारी माणसं गळ टाकून बसायची. केंद्राचा आम्हाला झालेला फायदा इतकाच. मग एक दिवस शिरोळकर मॅडम आल्या. उंच, सडपातळ, बोलताना हवेत पाइप काढून दाखवण्याची सवय असलेल्या. म्हणाल्या, ही जी ऊब तुम्ही समुद्रात जाताना बघता, तिच्यावर आपण खारं पाणी गोडं करू. बाबा गावचे तांडेल. समुद्रावर होडी हाकणारा तो तांडेल, आणि आमच्याकडे जमिनीवरही त्याचाच शब्द चालतो. बाबांनी गावाची जागा दिली, पंचायतीत भांडले, मच्छीमारांना समजावलं. मी आयटीआय करून नुकताच परतलो होतो. मॅडमनी मला शिकाऊ म्हणून घेतलं.

यंत्र कसं चालतं हे मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, "केंद्रात अणू फुटतो, त्याची उष्णता होते. त्या उष्णतेने वाफ, वाफेवर चाक फिरतं, चाकावर वीज. हे सगळं झालं तरी ऊब उरतेच. ती आतापर्यंत फुकट जात होती. आम्ही एका बंद टाकीतली हवा ओढून काढतो. हवा काढली की खारं पाणी नुसतं गरम असतानाच उकळायला लागतं. त्याची वाफ धरायची, थंड करायची, झालं गोडं पाणी. मीठ मागे राहतं."

आईने चुलीकडे बोट दाखवलं. तव्याखाली जाळ होता आणि शेजारच्या वैलावर, त्याच जाळाच्या उरलेल्या धगीवर, आमटीचं पातेलं रटरटत होतं.

"म्हणजे वैल," ती म्हणाली.

"म्हणजे वैल," मी म्हणालो. पुस्तकाची पानंच्या पानं पाठ केली होती मी, पण हा शब्द काही त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितला. त्या इतक्या खूश झाल्या की पुढे आम्ही सगळेच त्या संचाला वैल म्हणू लागलो.

आता सांगा, ज्या बाईला यंत्र इतकं कळलं होतं ती पाण्याला घाबरेल का? पण हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. नव्या गणवेशाखाली डोकं जरा कमीच चालतं.

मांडव सुटल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हरेश्वर, हा संच प्रयोगाचा आहे, तुला ठाऊक आहे. महिनाअखेरीला मुंबईहून समिती येणार. गाव पाणी पितंय असं दिसलं तर मोठा संच मंजूर होईल, आजूबाजूच्या गावांनाही नळ जाईल. नाही दिसलं तर हे पाणी केंद्राच्या बॉयलरला जोडतील आणि चौकातला नळ बंद. बॉयलर काही नको म्हणणार नाही."

"मी आईला समजावतो," मी म्हणालो.

मग आम्ही समजावायला लागलो.

मॅडमनी चौकात टेबल मांडलं. आडवे-उभे पाइप काढून दाखवलं की अणुभट्टीचं पाणी वेगळं, मधलं पाणी वेगळं, समुद्राचं वेगळं. प्रत्येकाच्या मधे धातूची भिंत. भिंतीतून फक्त ऊब जाते, पाण्याला पाणी शिवत नाही. "आमचं यंत्र फार सोवळ्यातलं आहे," मॅडम म्हणाल्या. बायका हसल्या आणि रिकामे हंडे घेऊन आंबेपाड्याला गेल्या.

मग किरणं मोजायचं यंत्र आणलं. ते पाण्यावर धरलं, टिक टिक झालं. कमळीआत्या म्हणाली, "टिकटिकतंय म्हणजे काहीतरी हाय ना आत?" मॅडमनी यंत्र नुसतं हवेत धरलं. तिथेही तशीच टिकटिक. "बघा, एवढं तर हवेतही असतं." कमळीआत्याने गंभीरपणे मान हलवली. "मग हवा पण नकोच घ्यायला," म्हणाली. पुन्हा हशा, पुन्हा आंबेपाडा.

पहिल्या पाण्याला चव नव्हती हे खरं होतं. निव्वळ वाफेचं पाणी, जिभेला काही लागतच नाही. मॅडमनी ते चुनखडीच्या खड्यांवरून सोडलं, थोडा क्षार आला, पाणी पाण्यासारखं लागू लागलं. मी बाटली भरून घरी नेली. आईने तळहातावर घेऊन चाखलं.

"बरं हाय," ती म्हणाली. "आपल्या विहिरीहून लाख पटीनं बरं."

"मग नळावर का येत नाहीस?"

"सांगितलं ना एकदा, नको."

त्या बाटलीतल्या पाण्यात तिने माझ्यासाठी तुरीची डाळ लावली. ती अशी लोण्यासारखी शिजली की बाबांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतली. आईने स्वतः मात्र भाकरी आणि सुका बोंबील खाल्ला.

शेवटी बाबांनी मोहीम हाती घेतली. चौकात उभे राहून त्यांनी नळाचं पाणी तांब्यावर तांब्या प्यायलं, मिशा पुसल्या आणि गर्जले, "बघा! तांडेल मेला का?" तांडेल मेला नाही. पण त्याच दुपारी चुलतभावाकडे त्यांनी आदल्या दिवशीचं कोलंबीचं कालवण हादडलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांना घरात बसवेना. बांधापलीकडे त्यांच्या खेपा सुरू झाल्या. गावातल्या पोराटोरांना खेपा मोजायचा नवा खेळ मिळाला. "पाणी बाधलं तांडेलाला," ही बातमी शेजारच्या गावीही गेली. बाबा कोलंबीला शिव्या देत होते, पण कोलंबीकडे लक्ष कोण देतो!

आई त्यांना ताक देत होती. तोंडाला पदर लावून हसत होती हे मी पाहिलं.

समिती यायला थोडेच दिवस राहिले तेव्हा माझा धीर सुटला. सुट्टीच्या दिवशी मी आईला म्हणालो, "आज मी येतो. सायकलला दोन्हीकडे हंडे बांधू, तुझं डोकं तरी वाचेल."

"बायकांच्या वाटेत पुरुष कशाला?" आई एकदम फणकारली. "घरी बस."

इतकी का चिडली कळेना. डोक्यावरचं ओझं कमी करतो म्हटल्यावर कोणी चिडतं का? ती गेल्यावर थोड्या वेळाने मी सायकल काढली आणि बांधावरून तिच्या मागे निघालो.

आंबेपाड्याच्या विहिरीजवळ एक थोरली चिंच आहे. आमच्या बायका तिच्या सावलीत बसल्या होत्या. हंडे भरून ओळीने ठेवलेले, तरी कोणी उठत नव्हती. वैशाखातली उन्हं चढत होती, घरी बोंबील वाळत होते, आणि ह्या निवांत गप्पा मारत होत्या. मला बघताच कमळीआत्या नको इतक्या मोठ्याने ओरडली, "अगो बाय, बघा कोण आला! जमनाचा हरू आला!"

विहिरीच्या पलीकडच्या कट्ट्यावर आई बसली होती. तिच्यापुढे पाठ करून एक बाई बसली होती आणि आई तिचे केस विंचरत होती. शेजारी एक छोटी पोर सुक्या जवळ्याची पुडी उघडायची खटपट करत होती. ओरडा ऐकून त्या बाईने मान वळवली.

माझी बहीण होती. दमयंती. दमीताई.

तिचं नाव आमच्या घरात घ्यायचं नाही, असा बाबांचा हुकूम होता. मी शाळेत असताना त्यांनी तिचं लग्न आपल्या जिवलग मित्राच्या मुलाशी ठरवलं, शब्द देऊन आले. आणि ताईने आंबेपाड्याच्या दत्ताराम राऊताशी, एका भाजीवाल्या बागायतदाराच्या मुलाशी, देवळात जाऊन लग्न केलं. बाबांनी तिचा पाट, तिचं ताट, तिच्या साड्या, सगळं माळ्यावर टाकलं आणि शिडी काढून घेतली. त्यानंतर मी बाहेरगावी शिकायला गेलो. ती कशी आहे, आईला कधी भेटते का, हे विचारायचीही सोय नव्हती.

"मिशी आली की रे तुला," ताई म्हणाली. हसायला गेली आणि रडली. मी सायकल तशीच आडवी टाकून तिच्यापाशी गेलो. काय बोललो ते आठवत नाही. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, त्या हाताला मेथीचा वास होता.

आईने फणी खाली ठेवली. "बघितलंस? आता समजलं?"

"काय?"

"अरे, नळ चौकात आला तर मी रोज इथे कुठल्या निमित्ताने येऊ? पाण्याला जाते म्हटलं की तुझा बापूस मान वर करून बघत नाय. लेकीला भेटायला जाते म्हटलं तर?"

मी चिंचेखालच्या बायकांकडे पाहिलं. "आणि ह्या सगळ्या?"

उत्तर कमळीआत्याने दिलं. "आमाला काय तुझ्या अणूची भीती वाटते होय रे? माझी टाळू बघ, हंडे वाहून केस गेले. त्या नळावर मी पहिली उडी मारली असती. पण सगळ्या नळावर गेल्यावर ही एकटी कुठल्या तोंडाने निघेल? तांडेल विचारील ना, गावाला चालतं, तुलाच कसं नाय चालत? म्हणून कोणीच भरायचं नाय असं ठरलं."

"कधी ठरलं?"

"नळाचा पाइप टाकत होते तेव्हाच."

म्हणजे मॅडमचं टेबल, ते टिकटिक यंत्र, चुनखडी, बाबांचे तांब्यावर तांबे, सगळं फुकट गेलं होतं. जे भय आम्ही घालवत होतो ते कोणाला नव्हतंच. एका आईला लेक भेटावी म्हणून अख्ख्या गावाच्या बायका घरासमोर नळ असताना भर उन्हात तासभर चालत होत्या आणि वर अणूला घाबरल्याचं सोंग आणत होत्या. मला एकदम हसू आलं, आणि डोळेही भरले.

"ताई, तू घरीच ये ना," मी म्हणालो.

"बोलावल्यावाचून?" ताईने पोरीला मांडीवर घेतलं. मग थोडं थांबून विचारलं, "नळाचं पहिलं पाणी कोणी भरलं रे?"

"गटाराने," कमळीआत्या म्हणाली.

ताई हसली नाही. "नवी विहीर लागली की पहिली घागर गावच्या लेकीने भरायची. तांडेलाची लेक असली की मान तिचा. लहान होते, गावात विहीर खणायला घेतली की आई मला नवा परकर नेसवून, घागर देऊन काठावर उभी करायची. तिन्ही वेळा उभी राहिले. तिन्ही वेळा खारं पाणी लागलं. बाबा म्हणायचे, थांब दमे, एक दिवस गोडं लागेल, तेव्हा तूच भरशील."

आई म्हणाली, "ते विसरले नव्हते. आठवण काढली असती तर हिला बोलवावं लागलं असतं, म्हणून पेला स्वतःच घेऊन पुढे आले. मग मीही माडाला घातला."

"मी बाबांशी बोलतो."

"खबरदार! माझी शपथ हाय तुला."

शपथ बाबांपुरती होती. समिती यायच्या आदल्या दिवशी न राहवून मी मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीत मागे रेलल्या. "म्हणजे आपल्या वैलाचं काही बिघडलेलं नाही," म्हणाल्या. "आणि मी आपली खडे बदलत बसले होते!" मग उठल्या, चष्मा पुसला. "हे बघ, तुमच्या घरात मी पडणार नाही. पण समिती उद्या येतेय आणि हंडे रिकामे दिसले तर नळ बंद होणार, एवढं तांडेलांना सांगणं माझं कामच आहे."

त्या सांगून गेल्या तेव्हा दिवस मावळत होता. आई अंगणात काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील उतरवत होती, मी टोपली धरून होतो. बाबा चहाचा पेला हातात घेऊन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. गावावर ओरडणारा माणूस, पण आवाज अगदी खाली आला होता.

"जमना, उद्या मुंबईची माणसं येणार. माझं नाक कापू नको. तू भरलंस की सगळ्या भरतील."

आईने हातातला बोंबील टोपलीत टाकला. "नव्या पाण्याची पहिली घागर कोण भरतं आपल्यात?"

बाबांनी चहाचा घोट घेतला.

"मी विचारते, कोण भरतं?"

"तिने माझा शब्द मोडला," बाबा म्हणाले. "मित्राच्या दारात मान खाली घालायला लावली मना."

"त्या मित्राने गेल्या माघात पोराचं लग्न केलं, तुम्ही जाऊन जेवून आलात. त्याची मान कधीच वर झाली. तुमचीच तेवढी खाली."

"माझ्या दारात ती..."

"दारात नाय आली. आली असती तर बरं झालं असतं." आई आता त्यांच्याकडे वळली. "पाण्याला रोज तासभर चालते मी, तुम्ही कधी विचारलंत, जमना, पाय दुखतात का? तिथे ती रोज येते. गेल्या पावसाळ्यात माझा खांदा धरला होता, तेव्हा हंडा तीच भरून डोक्यावर चढवून देत होती. आजचाही तिनेच चढवलाय. तुमच्या हातातला चहा बघा. तिच्या हातचं पाणी रोज पिताय तुम्ही."

बाबांनी पेल्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता फेकतात. त्यांनी तो फेकला नाही. खाली बसले, ओट्याच्या कडेला, आणि उरलेला चहा सावकाश पिऊन टाकला. मग पेला विसळून पालथा घातला. हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

सकाळी मी गणवेश घालत होतो तेव्हा बाबा दारात होते. डोक्याला लाल टोपी, अंगात धुतलेला सदरा.

"सायकल काढ," म्हणाले.

बांधावरून मी त्यांना मागे बसवून नेलं. त्यांचं वजन चांगलंच जाणवत होतं. विहिरीवर ताई एकटी कपडे धूत होती. आज आमच्या गावच्या बायका आल्या नव्हत्या. आईने त्यांना सकाळी चौकातच बसायला सांगितलं होतं, हे मला मागून कळलं. बाबा उतरले. ताई ओल्या हातांनी उभी राहिली. दोघांमधे विहीर होती.

बाबांनी घसा खाकरला. "गावात गोडं पाणी लागलंय," म्हणाले.

"ऐकलं," ताई म्हणाली.

"भरायचं राहिलंय."

"बोलावणं आल्यावाचून माहेरी कशी येऊ?"

"मग मी इथे काय आंघोळीला आलोय?" बाबा ओरडले. त्यांचा तो होडीवरचा आवाज. पलीकडे मळ्यात पाणी लावत असलेला दत्ताराम खोरं टाकून धावत आला. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू पण चल," म्हणाले. "नुसता काय बघतोस? पोरीला घे." आणि मग तोंड फिरवून समुद्राच्या दिशेला बघत राहिले, कारण त्यांना रडू आवरत नव्हतं.

आम्ही चौकात पोचलो तेव्हा समितीची गाडी येऊन उभी होती. तीन साहेब, मॅडम आणि भलीमोठी हंड्यांची रांग. पण नळाला कोणी हात लावला नव्हता. मॅडमचा चेहरा उतरला होता. साहेबांपैकी एक घड्याळ बघत होते. तेवढ्यात बांधावरून आमची वरात आली. पुढे बाबा, मागे ताई, तिच्यामागे पोरीला खांद्यावर घेतलेला दत्ताराम आणि सायकल ढकलत मी.

आई घरातून पितळी घागर घेऊन आली होती. हळदकुंकू लावलेली. तिने ती ताईच्या हातात दिली. ताईने नळाला कुंकू वाहिलं, मी नळ उघडला. पाण्याचा आवाज घागरीत बदलत बदलत वर आला. ताईने पेला भरला आणि आईला दिला. आई तो एका दमात प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "भर गो आणखी एक."

मग जे झालं त्याला मी रांग म्हणणार नाही. कमळीआत्याने सुनेचा हंडा बाजूला सारून आपला लावला. मेहेरांच्या धाकटीने कमळीआत्याचा सारला. "मी पहाटेपासून बसलेय!" "पहाटे तू घोरत होतीस!" असा गलका उठला. खाजणवाडीच्या नळावरचं ते पहिलं भांडण. साहेब मागे सरकले. मॅडम मात्र हात जोडून त्या भांडणाकडे असं बघत होत्या, जणू देवळात आरती चालली आहे.

समितीच्या प्रमुखांनी स्वतः एक पेला मागून घेतला, प्यायले, मान डोलावली. बाबांकडे वळून म्हणाले, "छान. गाव पाणी वापरतंय हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या संचाची शिफारस आम्ही करू. तांडेल, तुमच्या गावाची आणखी काही मागणी?"

"एक हाय," बाबा म्हणाले. "पाइप इथे थांबवू नका. पुढे आंबेपाड्यापर्यंत न्या."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. "आंबेपाडा? ते तर तुमच्या पंचायतीतही नाही. तिथे विहीर आहे ना? तिथे कशाला?"

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. भांडण थांबवून कोणीतरी नळ बंद केला होता.

"विहीर वैशाखात तळाला जाते," बाबा म्हणाले. "आणि माझी लेक दिलीय तिथे."

आईने कमळीआत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती हसत होती का रडत होती, मला इतक्या वर्षांनंतरही सांगता येणार नाही. बोलली ती मात्र चौकाला ऐकू गेली.

"दिली म्हणतो," आई म्हणाली. "विचार त्याला, लग्नाचा मांडव कुठे घातला होता!"